टफीचं विरजण

ट्रँटरांच्या फ्रिजमध्ये दोन राज्यं होती. वरचे कप्पे नोलीनचे, खालचा डेसचा. ही वाटणी झाली ती उंदरांमुळे. एका जखमी घुबडासाठी नोलीनने आणून ठेवलेले उंदीर डेसने सॉसेज समजून तव्याशेजारी काढून ठेवले होते, आणि त्या दिवसापासून माणसांचं खाणं खाली, जनावरांचं वर, असा तह झाला. आमच्या वूरानबी गावात कुठलंही रानातलं जनावर गाडीखाली आलं, की लोक पोलिसांच्या आधी नोलीनला फोन करतात. जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई. पूर्वी गावची पोरं सांभाळायची, आता वॉलबी नावाच्या बुटक्या कांगारूंची आणि झाडांवरच्या पोसमची सांभाळते, आणि म्हणते की ही बरी, खिडकीतून हात तरी बाहेर काढत नाहीत.

तिला एक खोड होती. घरातल्या प्रत्येक वस्तूवर ती चिकटपट्टी लावून वर नाव लिहायची. मिठावर ‘मीठ’, साखरेवर ‘साखर’, आणि डेसच्या टोपीच्या आत ‘डेस’. संसाराची पहिली काही वर्षं डेसने या पट्ट्या वाचल्या. पुढे, मीठ म्हणजे मीठच हे पटल्यावर, त्याने वाचणं सोडून दिलं. नवऱ्याने बायकोचं लिखाण वाचणं सोडलं की काय होतं, त्याची ही गोष्ट आहे.

त्या दिवसांत नोलीनकडे टफी होता. कोआलाचं पिल्लू. आई हमरस्त्यावर ट्रकखाली गेली आणि तिच्या पिशवीत हा जिवंत सापडला, तेव्हा ओंजळीत मावत होता. नोलीनने त्याला दूध पाजून पाजून नारळाएवढा केला. तो तिच्या गळ्याला मिठी मारून झोपायचा आणि जागा झाला की तिचा कान चावायचा. आता त्याला दात फुटले होते, पानं हवी होती. आणि खरी पंचाईत तिथेच होती.

निलगिरीचं पान म्हणजे विष. कोआलाला ते पचतं, कारण त्याच्या आतड्यात ते पचवणारे जंतू असतात. पण हे जंतू घेऊन कोणी जन्माला येत नाही. ते आई देते. पिल्लाला दात आले की आईच्या पोटातून एक मऊ हिरवट लगदा बाहेर येतो आणि पिल्लू तो चाटूनपुसून खातं. इथले लोक त्याला ‘पॅप’ म्हणतात. कुठून बाहेर येतो, असं विचाराल तर उत्तर तुमच्या मनात आलं तेच आहे. पण नाक मुरडू नका. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसंच हे. तो लगदा पोटात गेला नाही, तर पिल्लू पोटभर पानं खाऊन उपाशी मरतं.

टफीची आई तर गेली होती. नोलीनने लांबलांबच्या जनावरवाल्यांना फोन केले, आणि शेवटी किनाऱ्यावरची रेलीन एका संध्याकाळी बर्फाची पेटी घेऊन दारात उभी राहिली.

“एवढंच निघालं गं,” पेटीतून एक बरणी काढत रेलीन म्हणाली. “माझ्याकडच्या आईने दोन दिवस दिलं आणि बंद केलं. तिचं पोर आता पानांना लागलंय. पुढची आई कधी मिळेल, देव जाणे.”

“एवढं पुरेल,” नोलीन म्हणाली. तिने बरणी दोन्ही हातांत धरली होती. “आत्ताच दूध प्यायलाय तो. डॉक्टर म्हणाले, सकाळी रिकाम्या पोटी द्या.”

“आणि बरणी डेसचीच आहे हं. नाताळात चटणी दिली होती ना त्याने? म्हटलं, परत द्यायचीच आहे.”

आमच्याकडे चटणीची बरणी भरलेली मिळते आणि ती धुऊन परत करायची असते. न करणाऱ्याला पुढच्या नाताळात काही मिळत नाही. रेलीनने ती भरून परत केली, हा तिचा चांगुलपणा.

नोलीनने बरणीवर ठळक अक्षरांत ‘टफी. हात लावू नये’ अशी पट्टी लावली. पण तिचे वरचे कप्पे हल्ली दूधसुद्धा गोठवायला लागले होते, आणि गोठले की जंतू मेले. म्हणून तिने बरणी खाली ठेवली, डेसच्या राज्यात, अगदी पुढे. तह तिने मोडला, हे इथे नमूद करायला हवं, कारण पुढे सगळं खापर एकट्या डेसवर फुटणार आहे.

डेस त्या वेळी मागच्या शेडमध्ये आपल्या बुटांना पॉलिश करत होता. दुसऱ्या दिवशी गावचं शेतकी प्रदर्शन होतं. म्हणजे बैल, मेंढ्या, लाकूडतोड्यांची शर्यत, भोपळे आणि हॉलमध्ये चटण्या-लोणच्यांची स्पर्धा. डेस वर्षानुवर्षं हिरव्या टोमॅटोची चटणी घालून या स्पर्धेत उतरत होता आणि वर्षानुवर्षं हात हलवत परत येत होता. परीक्षक एकच, मिसेस पॅस्को. गावातल्या साठीच्या आतल्या प्रत्येकाला त्यांनी शाळेत शिकवलेलं, आणि साठीच्या पुढच्यांनाही त्या तसंच वागवत. गेल्या वर्षी निकाल लागून नावं उघड झाल्यावर त्यांनी डेसची चटणी पुन्हा चाखली, चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “डेसमंड, ही चटणी आहे की रस्त्याची खडी?”

डेसने सगळी नोकरी नगरपालिकेच्या रस्त्यांवर काढलेली. तो घाव वर्मी बसला. या वर्षी त्याने चटणी तीनदा वाटली, गाळली, पुन्हा वाटली. तिचा पार हिरवट-तपकिरी मऊ लगदा झाला. सगळ्यांत चांगली बरणी त्याने आपल्या कप्प्यात मागे सारून ठेवली होती.

सकाळी नोलीन ऊन चढायच्या आत ताजी पानं तोडायला गाडी घेऊन गेली. डेस आंघोळ करून, टाय लावून फ्रिजपाशी आला. कप्प्यात हात घातला, पुढे होती ती बरणी उचलली आणि तिच्यावर पट्टी बघून चरफडला.

“झालं! हिच्यावरही लिहिलंन!” तो टोस्टरला म्हणाला.

स्पर्धेचा नियम कडक होता. बरणीवर नाव, खूण, कागद काही चालत नाही. परीक्षकाला बरणी कोणाची ते कळता कामा नये. गेल्या खेपेस एकीची बरणी केवळ झाकणाला फुलाफुलांचं फडकं बांधल्यामुळे बाद झाली होती. डेसने ती पट्टी न वाचता गरम पाण्याखाली धरली, नखाने खरवडून काढली, काच पंच्याने लखलखीत पुसली आणि शेजाऱ्याच्या गाडीतून शीळ घालत तो प्रदर्शनाला गेला.

नोलीन परत आली तेव्हा टफी कण्हत होता. आदल्या दिवशीची एक फांदी त्याच्या पेटाऱ्याशेजारी राहिली होती. पोराने हात लांबवून तिची पानं खाल्ली होती आणि पोट टम्म फुगलं होतं. तिने फ्रिज उघडला. बरणी होती, पट्टी नव्हती. ओल्याने सुटली असेल, म्हणून तिने झाकण फिरवलं, आणि मोहरी आणि व्हिनेगरचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मग तिने सिंकमध्ये पाहिलं. तिथे एक चुरगळलेली ओली पट्टी पडली होती, आणि तिच्यावर अजून ‘हात लावू’ एवढं वाचता येत होतं.

तिने डेसला फोन लावला. फोन पावाच्या डब्यावर वाजला. तिने रेलीनला लावला.

“थेंबभर तरी उरलंय का गं?”

“बरणी खरवडून दिली तुला. का? काय झालं?”

“डेस झाला,” नोलीन म्हणाली आणि फोन ठेवला.

अशा पिल्लाला गर्दीगोंगाटात नेऊ नये, हे नोलीन शाळाशाळांतून जाऊन सांगत असे. त्या दिवशी तिने टफीला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्रा स्वेटरच्या आत घातला, खिशात एक चमचा टाकला आणि शाळेची बस कधी हाणली नसेल अशी गाडी हाणली.

हॉलच्या दारात दोरी बांधली होती. दोरीमागे ग्वेंडा स्टब्स खुर्ची टाकून विणत बसली होती. आत परीक्षण चालू असताना ही दोरी कोणी ओलांडली तर त्याची बरणी बाद, आणि तो माणूसही स्पर्धेतून कायमचा बाद. ग्वेंडाने एकदा सख्ख्या भावाला असा बाद केला होता, आणि तो बिचारा नुसता विसरलेला चष्मा घ्यायला आत शिरला होता.

“ग्वेंडा, मला आत जाऊ दे.”

“परीक्षण चालू आहे.”

“आत माझी बरणी आहे.”

“तू कधीपासून चटणी करायला लागलीस?”

“चटणी नाही गं ती!”

“मग चटण्यांत कशाला ठेवलीस?” ग्वेंडाने एक टाका सोडला आणि पुन्हा घेतला. “आणि तुझ्या स्वेटरमध्ये काय वळवळतंय?”

“टफी. आजारी आहे तो. ग्वेंडा, ऐक. डेसने चुकून...” एवढं बोलून नोलीन थांबली. मागे अर्धं गाव आइस्क्रीम चाटत उभं होतं. ‘माझ्या नवऱ्याने कोआलाची शी स्पर्धेला ठेवली आहे’ हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की डेसला या गावात मान वर करून फिरता आलं नसतं. लग्नाच्या नवऱ्याचा कितीही राग आला तरी असं वाक्य पटकन बाहेर पडत नाही. ती आल्या पावली वळली आणि लाकूडतोड्यांच्या मैदानाकडे धावली. डेस कठड्याला टेकून खिमा भरलेला मीटपाय खात होता.

“पुढची बरणी उचललीस की मागची?”

“गुड मॉर्निंग तरी म्हण.”

“डेस! पुढची की मागची?”

“पुढची. आणि तुझी पट्टी काढताना माझं नख तुटलं, सांगून ठेवतो. तुला नियम माहीत...”

“वाचलीस का ती?”

“त्यात वाचायचं काय? ‘चटणी’ लिहिलं असणार.”

तिने स्वेटरची कड खाली ओढली. टफीने तोंड बाहेर काढलं आणि बारीक आवाजात कण्हला. डेस त्याच्याकडे बघत राहिला. या पिल्लाला तो ‘फुकटा भाडेकरू’ म्हणायचा, आणि नोलीन बाहेर गेली की त्याला पोटावर घेऊन क्रिकेट बघायचा. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मीटपाय त्याने कोणाच्या तरी हातात दिला. ज्याच्या हातात दिला त्याला तो ओळखतही नव्हता.

दोघं हॉलच्या दाराशी आले तेव्हा मिसेस पॅस्को लांबलचक टेबलाच्या मध्यावर होत्या. प्रत्येक बरणीला नवा चमचा, आधी डोळे, मग नाक, मग जीभ, ही त्यांची रीत. त्यांनी एक बरणी उचलून खिडकीतल्या उजेडात धरली.

“वा,” त्या मागच्या मदतनीस बाईंना म्हणाल्या. “याला म्हणतात एकजीव.”

“ती आपलीच,” डेस पुटपुटला. काय वेळ होती, पण त्याचा आवाज क्षणभर हळवा झाला.

मिसेस पॅस्कोंनी झाकण उघडलं. वास घेतला. पुन्हा घेतला. “निलगिरी! धाडस आहे. इतकी वर्षं या टेबलावर आलं-लसूण सोडून दुसरं काही बघितलं नाही मी.” आणि त्यांनी चमचा बुडवला.

“मिसेस पॅस्को!” डेस ओरडला.

“शांतता,” त्या वळूनही न बघता म्हणाल्या.

“डेस ट्रँटर,” ग्वेंडा उठून उभी राहिली, “त्या दोरीपलीकडे पाय टाकलास तर जन्मात पुन्हा...”

डेसने एकदा दोरीकडे बघितलं आणि एकदा बायकोच्या स्वेटरकडे. मग त्याने पाय उचलला. रस्त्यावर डांबर टाकून झिजलेले गुडघे ते, पहिल्या झेपेत दोरी काही ओलांडली गेली नाही. तो तिच्यात अडकला, ग्वेंडाची लोकर पायाला गुंडाळून आडवा झाला आणि तसाच, मागे निळा धागा ओढत, टेबलापर्यंत पोचला.

तोवर चमचा तोंडात गेला होता.

“थुंका!” डेस म्हणाला. “मिसेस पॅस्को, थुंका ते! चटणी नाही ती!”

मिसेस पॅस्कोंनी गिळलं. मग त्या रुमालाने ओठ टिपत म्हणाल्या, “मग काय आहे?”

नोलीन आत आली. दोरी आता जमिनीवरच होती. तिने सगळं सांगितलं. आई, ट्रक, पोटातले जंतू, बरणी, पट्टी. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “आणि माझ्याकडे एवढंच आहे. हे गेलं तर तोही जाईल.”

मदतनीस बाई मटकन खाली बसल्या. दारातल्या गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं. मिसेस पॅस्कोंनी चष्म्यावरून तिकडे नुसतं बघितलं आणि हसणं शाळा सुटल्यासारखं पळालं.

“मी पन्नासेक वर्षं या गावाची लोणची खातेय,” त्या म्हणाल्या. “याहून वाईट खाल्लंय. नावं सांगू?”

कोणालाच नावं नको होती. ग्वेंडा खाली वाकून लोकर गोळा करायला लागली.

“बाळ कुठे आहे?” मिसेस पॅस्कोंनी विचारलं. “मग उभी काय राहिलीस, नोलीन? किती द्यायचं याला? त्या चटण्या सरकवा बाजूला.”

जॅमच्या आणि मार्मलेडच्या बरण्यांमध्ये जागा झाली. नोलीनने टफीला टेबलावर बसवून पोटाशी धरलं. मिसेस पॅस्कोंनी बरणी तळहातांत धरून ऊबदार केली आणि डेसने चमचा पुढे केला. टफीने आधी मान फिरवली. मग नाक हललं. मग त्याने दोन्ही पंजांनी चमचा धरला आणि असा चाटला, असा चाटला, की ज्यांनी ज्यांनी त्या टेबलावर चटण्या मांडल्या होत्या त्या सगळ्यांना आपापल्या चटणीची लाज वाटली.

डेसची नोंद बाद झाली. डेसही बाद झाला, कायमचा. नियम तो नियम, असं ग्वेंडा म्हणाली आणि मिसेस पॅस्कोंनी मान डोलावली. दोघींनी नंतर डेसच्या पँटला लागलेली धूळ मात्र झटकली.

पुढचे दिवस वाईट गेले. थोडं थोडं पॅप, थोडं थोडं दूध, आणि वाट बघणं. जंतू रुजले की नाही, हे कळायची एकच खूण होती. टफीच्या पेटाऱ्यात कोरड्या, टणक लेंड्या पडायला हव्या होत्या. तोपर्यंत नुसतं पाणी होतं. डेस रोज नोलीनच्या आधी उठून पेटारा तपासायचा आणि चहा टाकायचा. दोघांत बोलणं झालंच तर ते टफीच्या पोटाबद्दल व्हायचं. गावातही तेच. पेट्रोल भरायला गेलं तरी लोक विचारायचे, “काही झालं का?” आणि नोलीन नकारार्थी मान हलवायची.

एकदा ती म्हणाली, “मी खालच्या कप्प्यात ठेवायला नको होती.”

“मी वाचायला हवी होती,” डेस म्हणाला. आणि खरंच, त्या आठवड्यात तो टोपीसुद्धा आतून वाचून मगच घालत होता.

रविवारी मिसेस पॅस्को आल्या. टफीला बघायला आले, असं त्यांनी दारातच सांगितलं, म्हणजे कोणाचा दुसरा समज व्हायला नको. तुमचं पोट कसं आहे, असं नोलीनने भीत भीत विचारलं, त्यावर त्या म्हणाल्या, “माझं पोट हा माझा प्रश्न आहे,” आणि पेटाऱ्याकडे वाकल्या. टफी फांदीला बिलगून पान चावत होता. पोट सपाट होतं. मिसेस पॅस्कोंनी चष्मा नीट केला.

“डेसमंड, ते काय आहे?”

डेस गुडघ्यांवर बसला. टॉवेलच्या घडीत, टपोऱ्या बोरांच्या बियांसारख्या, कोरड्या, टणक आणि निलगिरीच्या वासाच्या तीन लेंड्या पडल्या होत्या. त्याने एक उचलली, बोटांत दाबून बघितली आणि हात उंच करून ओरडला, “नोलीन! झाल्या! अगं, झाल्या!”

नोलीन स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन धावत आली. तिने लेंडी पाहिली, टफीला पाहिलं आणि डेसच्या गळ्यात पडून रडायला लागली. डेसही रडला. मिसेस पॅस्कोंनी खिडकीबाहेर बघत नाक शिंकरलं. एवढ्याशा लेंडीवर तीन म्हातारी माणसं रडताना टफीने बघितली आणि दुसरं पान तोडलं.

मग डेसला उत्साह आला. त्याने पाव कापला, लोणी लावलं, चीज ठेवलं आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून मागची बरणी काढली. झाकण उघडून त्याने आधी स्वतः वास घेतला, मग नोलीनला दिला. खात्री झाल्यावर त्याने तीनदा वाटलेली, गाळलेली, आता कधीच कुठल्या टेबलावर न मांडता येणारी आपली चटणी पावावर जाडसर फासली आणि बशी मिसेस पॅस्कोंसमोर ठेवली. “स्पर्धा नाही,” तो म्हणाला. “नुसतंच. कशी झालीय ते सांगा.”

मिसेस पॅस्कोंनी घास घेतला. सावकाश चावला. डेस खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्यांनी घास गिळला, रुमालाने ओठ टिपले आणि शाळेत नापास झालेल्या पोराला जवळ घेतात तसा त्याच्या हातावर हात ठेवला.

“खोटं बोलत नाही मी, डेसमंड,” त्या म्हणाल्या. “ती पहिली बरी होती.”